प्राप्तिकराची सवलत आणि ऐपतीचा न्याय

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करपद्धतीखाली १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील प्राप्तिकर माफ झाला, तेव्हा आमच्या प्राध्यापक-कक्षात पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. रात्री आईला फोनवर सांगितले, माझा कर वाचला. ती म्हणाली, "मग आता साबन-त्याल सस्तं व्हनार का रं?" घरातल्या पहिल्या पदवीधराजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते. ते शोधायला मी इतिहासाकडे वळलो.

या देशात प्राप्तिकर आला तो १८६० साली. १८५७ च्या उठावानंतर खजिन्यात पडलेली तूट भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो बसविला. ज्यांच्यावर तो बसला ती माणसे ओरड करू शकणारी होती. म्हणून तो १८६५ साली उठला, पुन्हा बसला, १८७३ साली पुन्हा उठला, आणि १८८६ च्या कायद्याने अखेर कायम झाला. मिठावरचा कर मात्र या सबंध काळात एकदाही पुरता उठला नाही. उलट १८८८ साली तो मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. मीठ खाणाऱ्याच्या ओरडीला कौन्सिलात कान नव्हता.

ही गोम जोतीराव फुल्यांनी ओळखली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले, की सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, वरच्या व श्रीमंत वर्गांचा वाटा नगण्य असतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र त्याच वर्गांच्या पदरात पडतो. कर कोण देतो आणि लाभ कोण घेतो, हे दोन प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत, हा धडा त्यांनी घालून दिला.

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच धडा पुढे नेला. प्राप्तिकर देणाऱ्याला त्या वर्षी कमाई झाली नाही तर कर द्यावा लागत नाही. शेतसारा मात्र पीक बुडो वा येवो, द्यावाच लागतो. शिवाय काही गुंठ्यांचा धनी आणि पन्नास एकरांचा धनी यांना दर एकच. कर ऐपतीप्रमाणे असावा हे तत्त्व एकाला लागू आणि दुसऱ्याला नाही, हा त्यांचा आक्षेप होता. आणि आमच्या पूर्वजांजवळ वारशाने आलेले जे एकच होते, ते महारवतन, त्यावरही जुडी होतीच. रात्रंदिवस गावकी करायची आणि वर जमिनीच्या तुकड्यावर जुडी भरायची! ती वाढविली गेली तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावच्या परिषदेत बाबासाहेबांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले. तात्पर्य, वारशावर कर ही कल्पना आम्हाला नवी नाही. नवी आहे ती धनिकांना.

स्वातंत्र्यानंतर ती अल्पकाळ आली. १९५३ साली मृत्युकर बसला. १९५६ साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी सरकारला सल्ला दिला, की प्राप्तिकराचा वरचा दर ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणा, पण त्याबरोबर संपत्ती, देणगी, भांडवली नफा आणि खर्च यांवरही कर घ्या. म्हणजे पैसा एका दाराने निसटला तर दुसऱ्या दारात सापडेल.

पुढे काय झाले? १९७३-७४ पर्यंत अधिभारासह वरचा दर ९७.७५ टक्क्यांवर चढला. त्या दराने काळा पैसा वाढला, म्हणून तो उतरवा, असे म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे. तो उतरला: १९७४ साली ७७, १९७६ साली ६६, १९८५ साली ५०, १९९७ साली ३०. पण कॅल्डॉरच्या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग एकेक करून पुसला गेला. खर्चावरचा कर १९६६ साली, मृत्युकर १९८५ साली, देणगीकर १९९८ साली, संपत्तीकर २०१५ साली गेला. संपत्तीकराच्या बदल्यात १ कोटीहून अधिक उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार आला खरा. पण २०२३ साली नव्या पद्धतीत ५ कोटींवरील उत्पन्नाचा अधिभार ३७ वरून २५ टक्क्यांवर उतरला. २०१९ साली कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्के करताना सरकारने स्वतःच वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडल्याचे सांगितले.

यातली मेख वारशात आहे. ज्या समाजात कुळावर माणसाची किंमत ठरली, कुणाला वाडा आणि कुणाला उकिरडा जन्मानेच मिळाला, त्या समाजात मृत्युकर हा जन्माच्या मक्तेदारीला जाब विचारणारा कर होता. तो गेला तेव्हा, १९८५ साली, आमच्या वस्तीतून मोर्चा निघाला नाही. आमच्यापैकी कुणाच्या वारशाचा तो प्रश्नच नव्हता, म्हणून आम्ही तो आपला मानला नाही. ही आपली चूक झाली.

सप्टेंबर २०२५ मध्ये साबणावरचा वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्के झाला. वह्यांवरचा पुरता गेला. हे चांगलेच झाले. पण बंगल्यातल्या साबणाला आणि झोपडीतल्या साबणाला दर अजून एकच आहे. १९२७ चा आक्षेप जागच्या जागी आहे.

आणि आपण? पगारदार दलित आता प्राप्तिकराच्या सवलतीचा भागीदार झाला आहे. पण सोडलेल्या महसुलाचा भार शेवटी शिष्यवृत्तीवर, वसतिगृहावर, सरकारी शाळेवर येतो, आणि त्याच शिडीने आपण वर आलो. माझा कर वाचला याचा आनंद मी लपवीत नाही. पण दहा घरची भांडी घासून आईने दुकानात जो कर भरला, त्यावर मी शिकलो. म्हणून सवलत घेणाऱ्या हातांनीच मृत्युकर परत आणा असे लिहिले पाहिजे. सुरुवात मी येथे करतो.