जुनेराचे मोल

हातकणंगले तालुक्याला कापडाचे अप्रूप नाही. याच तालुक्यातील इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे त्या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. तरीही नव्या कापडाच्या या मुलखात जुनेराची किंमत कधी शून्य झाली नाही. लुगडे विटले की त्याची वाकळ होई, वाकळ विरली की पोतेरे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, कापडावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा तर धडोत्याचीही चणचण भासू लागली. घरात नको झालेले तेवढे बोहारणीच्या गाठोड्यात जाई.

ही बोहारीण आपल्याला आठवते ती दोन साड्यांवर एक पातेले देताना घासाघीस करणारी म्हणून. तिच्या धंद्याचा उरलेला भाग आपण पाहत नाही. मिळालेले कपडे निवडावे लागतात, धुवावे लागतात, तुटलेली बटणे लावावी लागतात. मग ते मजुराच्या अंगावर चढतात. गुजरातेतून ठिकठिकाणी पसरलेल्या वाघरी समाजातील स्त्रियांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालविला. दिल्लीच्या रघुबीरनगरात त्यांचा बाजार पहाटे भरतो.

दुसऱ्याने टाकलेले किंवा दान दिलेले स्वस्तात घेऊन नफ्याने विकणे धर्माला मान्य आहे काय? ख्रिस्तसभेत हा प्रश्न जुना आहे. सुमारे ११४० साली ग्रेशियनने सिद्ध केलेल्या नियमसंग्रहात संत योहान क्रिसोस्तोम यांच्या नावावर चालत आलेला एक उतारा मागाहून घातला गेला. त्याचा आशय कठोर होता: वस्तू विकत घेऊन जशीच्या तशी चढ्या भावाने विकणारा म्हणजे प्रभूने मंदिरातून हाकललेला व्यापारी. संत थॉमस अक्विनास (१२२५–१२७४) यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात हाच उतारा विचारात घेऊन वेगळा निवाडा दिला. नफा स्वतः पुण्य नव्हे आणि पापही नव्हे. कुटुंबाच्या पोषणासाठी किंवा गरजूंच्या साह्यासाठी माफक नफा घेणे योग्य. आणि ज्याने वस्तू सुधारली, एका जागेहून दुसरीकडे नेली, धोका पत्करला, त्याला मिळणारी वाढीव रक्कम ही त्याच्या श्रमाची मजुरी. या मापाने आपली बोहारीण निर्दोष सुटते. घासाघीस करणाऱ्या आपल्या गृहिणींविषयी मात्र संत थॉमस काय म्हणाले असते, कोण जाणे!

पुढे खुद्द दानधर्मानेच दुकान मांडले. साल्व्हेशन आर्मीचे विल्यम बूथ यांनी १८९० साली लंडनच्या घराघरांतील टाकाऊ सामान गोळा करून ते निराधारांकडून दुरुस्त करवून विकण्याची योजना मांडली. १९४२ साली ग्रीसमधील उपासमारीमुळे स्थापन झालेल्या ऑक्सफर्डच्या समितीने, म्हणजे आजच्या ऑक्सफॅमने, त्याच दशकाच्या अखेरीस देणगीच्या वस्तूंचे कायमचे दुकान थाटले. आज तिकडे अशा दुकानांतून नेमके ते वेचून इंटरनेटवर दामदुपटीने विकणारे पुष्कळ आहेत. दुकानाने मागितलेली किंमत त्यांनी मोजलेली असते, म्हणून ती चोरी नव्हे. पण त्या फळीवरचा चांगला कोट ज्या गरिबाच्या आवाक्यात होता, त्याच्या हाती काय उरते? माफकपणाची अट मला इथे मोडलेली दिसते.

नावाने दिलेल्या दानाची गोष्ट मात्र वेगळी. ज्या हेतूने श्रद्धावंतांनी दान दिले त्याच हेतूसाठी ते वापरावे, असे १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्याचे १२६७ वे कलम सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला. अशा वेळी गावोगावहून जुने कपडे येतात. वाटप करणाऱ्याने त्यातले गठ्ठे परस्पर आठवडी बाजारात विकले, तर बोहारणीची सबब त्याला लागू पडत नाही. त्याने काही विकतच घेतलेले नसते. पण पूरग्रस्त बाईने पदरात पडलेल्या पाच साड्यांपैकी तीन देऊन एक पातेले घेतले, तर दात्याने रागावण्याचे कारण नाही. साड्या तिच्या झाल्या होत्या, आणि पुरात तिची चूल-भांडी वाहून गेली होती.