संकुचित ध्वनी आणि त्याचे वाचन : जालना परिसराच्या संदर्भात

मराठवाड्याच्या इतिहासाभ्यासकास लिपीची अडचण नवी नाही. जालना जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ रोजी; तत्पूर्वी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर तालुका परभणीत होता, आणि १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यात मोडत असे. साहजिकच येथील जुने कागद काही मोडीत, काही फारसीत, तर काही उर्दूत आहेत. कागद शाबूत आहे, शाई टिकली आहे, परंतु वाचणारा नाही, असा प्रसंग येथे नित्याचा. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत हाच प्रसंग निराळ्या वेषाने येतो, याकडे मात्र अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्वांस परिचित आहे. ज्या ओवीला ग्रंथकारांनी प्रतिष्ठा दिली, तीच ओवी ह्या भागातील स्त्रिया पहाटे जात्यावर गात आल्या. विजेची गिरणी खेडोपाडी पोचली, घरचे दळण थांबले, आणि गाण्याचे निमित्तच नाहीसे झाले. ह्या ओव्यांचा सर्वांत मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी पुण्यात राहून उभा केला. एक लाख दहा हजारांहून अधिक ओव्या त्यात आहेत. संगणक व संगीत या दोन्ही शास्त्रांत गती असलेले बर्नार्ड बेल हे नंतर त्या कार्यात आले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण सिद्ध झाले. गोदावरीपलीकडे, शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ मध्ये झालेले मुद्रण ह्याच मालिकेतील होय. हा ठेवा प्रथम गुडगावच्या संस्थेत होता. पुढे तो फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील भांडारात गेला. जात्यावरच्या ओवीने केलेला हा प्रवास कौतुकास्पद खराच, पण तो शक्य झाला तो ध्वनी अंकांत उतरल्यामुळे.

अंकांत उतरलेला ध्वनी जागा फार अडवतो. सीडीच्या मापाने सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि वाहिन्या दोन. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट झाले. ह्या मापाने १२० तासांस सुमारे ७६ गिगाबाइट लागतात. तेच मुद्रण एमपी३ पद्धतीने सेकंदाला १,२८,००० बिटांवर आणल्यास सातांच्याही आत बसते. जर्मनीतील एर्लांगेन येथे फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या पद्धतीस आकार दिला, तिचे मूळ तत्त्व श्रवणशास्त्राचे आहे. मोठ्या ध्वनीच्या लगतचा लहान ध्वनी कानास ऐकू येत नाही. तेव्हा तो नेमकेपणाने नोंदण्याचे कारण नाही. ध्वनी प्रथम ३२ पट्ट्यांत व नंतर ५७६ सूक्ष्म भागांत विभागून प्रत्येकाचे मूल्य ठोकळमानाने लिहिले जाते. जे टाकले ते कायमचे गेले. उकलन करणारा कितीही कुशल असो, त्यास ते परत आणता येत नाही.

ह्या पद्धतीचे मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात एक दूरदृष्टीचा निर्णय होता. संकोच कसा करावा हे त्याने प्रत्येकाच्या अकलेवर सोडले. उकलन कसे व्हावे, ते मात्र काटेकोर बांधून दिले. त्यामुळे १९९८ नंतर ‘लेम’सारखी संकोचन-साधने सुधारत गेली, तरी जुने उकलक निरुपयोगी झाले नाहीत. हे उकलन सिद्ध आज्ञावलींच्या संग्रहाकडून करवून घेतात. संगणकाच्या परिभाषेत त्यास लायब्ररी म्हणतात. मिखाएल हिप यांची एमपीजी१२३, अपूर्णांकी गणिताची सोय नसलेल्या लहान यंत्रांसाठी केवळ पूर्णांकांवर चालणारी रॉबर्ट लेस्ली यांची लिबमॅड, आणि फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये आरंभिलेल्या एफएफएमपेगमधील लिबएव्हीकोडेक ही त्यांतील प्रमुख नावे. त्यांचा मूळ मजकूर कोणासही वाचता येतो, हे त्यांचे खरे मोल. उलट एकस्वांचा अडसर मोठा होता. कित्येक मुक्त संगणक-प्रणालींनी एमपी३चे उकलनसुद्धा आपल्या संचातून वगळले होते. फ्राउनहोफरचा परवाना-व्यवहार २३ एप्रिल २०१७ रोजी संपला, तेव्हा कोठे ही वाट पूर्ण मोकळी झाली.

उकलक प्रथम चौकटीच्या आरंभीची खूण शोधतो, शीर्षातून वेग व नमुनासंख्या वाचतो, हफमन संकेत सोडवितो, आणि पट्टे पुन्हा एकत्र करून ध्वनी बनवितो. येथे दोन गोष्टी अभ्यासकाने ध्यानी ठेवाव्यात. एक तर एका चौकटीचा मजकूर काही वेळा आधीच्या चौकटीत साठविलेला असतो. फाइल मध्येच तोडली तर तुकड्याचा प्रारंभ नीट उकलत नाही. दुसरे असे की, संकोच व उकलन ह्या दोहोंत मिळून आरंभी काही निःशब्द नमुने वाढतात. लेमच्या ५७६ आणि उकलकाच्या ५२९ नमुन्यांची बेरीज केली तर सुमारे २५ मिलिसेकंद होतात. एक लायब्ररी ते वगळते, दुसरी वगळत नाही. गाणे ऐकणाऱ्यास ह्याची गंधवार्ताही नसते. पण उच्चाराचा काळ मोजून नोंदणाऱ्या विद्यार्थ्याची सारी कोष्टके त्यामुळे सरकतात.

मराठीस ह्या प्रश्नाची झळ विशेष लागते. ‘चार’ मधील च तालव्य, ‘चारा’ मधील दंततालव्य. देवनागरी दोहोंस एकच अक्षर देते. म्हणजे लेखनाने हा भेद आधीच गाळला आहे आणि तो उरतो केवळ ध्वनीत, तोही बव्हंशी उच्च कंपनसंख्येच्या घर्षणात. जुन्या मोबाइलच्या एएमआर पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुने घेत. ४,००० कंपनांच्या वरचे काहीच तीत राहत नाही. अशा मुद्रणावरून अंबड वा भोकरदनकडील बोलीतील च, स, श यांविषयी निर्णय देणे धाडसाचे होईल. ग्रामीण उच्चारात ण चा न होतो, हे सर्वज्ञात आहे. परंतु संकुचित ध्वनीत ऐकू येणारा न बोलणाऱ्याचा की यंत्राचा, ही शंका प्रत्येक वेळी घेतली पाहिजे. यास्तव क्षेत्रकार्यात मूळ मुद्रण असंकुचित ठेवावे, किंवा फ्लॅकसारख्या बिट न गमावणाऱ्या पद्धतीने साठवावे, आणि एमपी३ प्रत ऐकविण्यापुरती करावी. जेथे संकुचित प्रतच हाती आहे, तेथे कोणत्या लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीने ती उकलली, याची नोंद लिप्यंतराच्या शिरोभागी असावी.