तळटीप हरवलेली संहिता : महाभारताची चिकित्सक आवृत्ती आणि तिचे डिजिटल रूप

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये सिद्धीस गेले. या आवृत्तीच्या पानाचे दोन भाग असतात. वर संपादकाने निश्चित केलेली संहिता, खाली निरनिराळ्या लिपींतील पोथ्यांचे पाठभेद. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुखठणकर यांनी याला आणखी एक सूक्ष्म जोड दिली. जो पाठ आपणांस पूर्णतः निश्चित वाटत नाही, त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेषा छापली. संपादकाची साशंकता अशी छापील पानावरच नोंदविली जाणे, ही या आवृत्तीची खरी प्रतिष्ठा होय.

विसाव्या शतकाच्या अखेरीस क्योतो येथील मुनेओ तोकुनागा यांनी ही संहिता संगणकावर आणली. केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली, आणि पुढे ग्योटिंगेनच्या ‘ग्रेटिल’ या ग्रंथभांडारातून ती जगभर उपलब्ध झाली. या विद्वानांचे ऋण मोठे आहे. परंतु मुख्य पाठाच्या साध्या फायलीत नागमोडी रेषा उतरली नाही, पानाखालचे शब्दशः पाठभेदही उतरले नाहीत. शंकित पाठ आणि निःशंक पाठ तेथे एकाच तोंडवळ्याचे दिसतात.

याचा परिणाम सभापर्वात स्पष्ट जाणवतो. फ्रँकलिन एजर्टन यांनी १९४४ मध्ये संपादिलेल्या या पर्वात, वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा मूळ संहितेत नाही. तो तळटिपांत गेला आहे. मुख्य फायलीत शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो आढळत नाही. मग धावा ही अलीकडची भर, असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो. वस्तुतः उद्योगपर्वाच्या ५८ व्या अध्यायात, आपण दूर असताना द्रौपदीने ‘गोविंद’ अशी हाक मारली होती, याचे स्मरण स्वतः कृष्णच करतो. आणि हा श्लोक चिकित्सक संहितेतच आहे! ही दोन स्थळे परस्परांशी जोडणारी टीप नसेल, तर शोधयंत्राची गती अभ्यासकाची दिशाभूलच करील.

वास्तविक भाष्यपरंपरा आपल्याला नवी नाही. सतराव्या शतकात कोपरगावच्या नीलकंठ चतुर्धरांनी काशीत टीका लिहिताना ठिकठिकाणच्या पोथ्या मिळवून पाठांचा विचार केला होता.

२०१७ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने टीपांसाठी मानक संमत केले. त्यानुसार टीप मूळ मजकुरात न मिसळता स्वतंत्र ठेवता येते व ती कोणत्या स्थळाची, कोणी, केव्हा लिहिली हे नोंदविता येते. मात्र स्थळ अक्षरे मोजून सांगितले, तर फायलीतील एका दुरुस्तीने टीप भलत्याच शब्दावर जाऊन बसते. तोकुनागा-स्मिथ संहितेने प्रत्येक ओळीस पर्व, अध्याय व श्लोक यांचे क्रमांक दिले आहेत. टीपेचा पत्ता तोच असावा. कोणती सुधारित प्रत वापरली, हे नोंदविण्याचे दायित्व ग्रंथालयाचे. सभापर्वातील त्या स्थळी पहिली टीप एजर्टन यांच्या तळटिपेचीच हवी, दुसरी उद्योगपर्वाकडे नेणारी; आधुनिक अभ्यासकांची मते त्यांनंतर.