बाईची कमाई आणि घरातली मारहाण : बांगलादेशातलं चित्र

बाई कमावती झाली की नवऱ्याचा हात आपोआप आवरतो, असं आपण सहज बोलून जातो. बांगलादेशातला अनुभव इतका सरळ नाही.

1978 मध्ये तिथल्या ‘देश गार्मेंट्स’ने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. पुढच्या वर्षी 130 माणसं काम शिकायला कोरियाला गेली. तिथून तयार कपड्यांचा धंदा वाढत गेला आणि लाखो बायका ढाका, चितगावच्या कारखान्यांत मशीनवर बसल्या. यातल्या कित्येकींच्या घरात बाईने बाहेर कामाला जायची रीतच नव्हती.

ढाक्याच्या आसपासच्या 60 गावांतल्या बायकांची माहिती घेऊन अर्थतज्ज्ञ रेचल हीथ यांनी 2014 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचं शिक्षण कमी किंवा निकाह कोवळ्या वयात झालेला, त्यांच्यात काम करणाऱ्या बायकांना मारहाण जास्त आढळली. बाकीच्यांत हा संबंध दिसला नाही. कारण असं मांडलंय : पगार आला की बायकोचं वजन वाढतं, ते नवऱ्याला खुपतं, आणि ही कुठे जाणार हे त्याला ठाऊक असतं. जिला बाहेर पडता येतं, तिच्यावर हात उगारायला तो कचरतो.

म्हणजे दोष नोकरीचा नाही. ‘मग घरीच बसवा’ हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे नीट वाचावं. शाळा अर्धवट सोडवून केलेलं लग्न पुढे कारखान्याच्या पगारानेही भरून निघत नाही.

दुसरा प्रश्न, पगार राहतो कुणाकडे? सूरह निसाच्या 32 व्या आयतीत स्त्रीच्या कमाईत तिचा हिस्सा स्पष्ट सांगितलाय. तरी आपल्याकडेही कित्येक घरांत एटीएम कार्ड नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातात असतं.

भारतात 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे. नोकरी करू न देणं, पगार काढून घेणं हीसुद्धा त्यात हिंसाच. बाईच्या कामाच्या ठिकाणी जायला नवऱ्याला मनाई करणारा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. महिला हेल्पलाइन 181. तलाक किंवा खुला घ्यायलाच हवा अशी अट नाही, सासरच्या घरात राहूनही दाद मागता येते.