धूसर पार्श्वभूमीसाठी परवडणारी लेन्स

वाशीच्या सागर विहारजवळ खाडीकिनारी, नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’मध्ये किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये रविवारी सकाळी फेरफटका मारला, तर घरच्या मंडळींची छायाचित्रे टिपणारे कोणी ना कोणी भेटतेच. घरी येऊन ती छायाचित्रे संगणकाच्या पडद्यावर पाहिली, की मात्र अनेकदा हिरमोड होतो. मुलीचा चेहरा छान आलेला असतो. पण तिच्या डोक्यामागून विजेचा खांब उगवलेला असतो, खांद्यावर मागच्या इमारतीचे सज्जे बसलेले असतात आणि उभ्या मोटारींची रांग चेहऱ्याइतकीच ठसठशीत दिसत असते. चेहरा रेखीव आणि मागचे सारे सायीसारखे मऊ, असे छायाचित्र आपल्याला का जमत नाही, असा प्रश्न मग पडतो. दुकानदाराकडे त्याचे उत्तर तयार असते : नवी लेन्स घ्या. हे उत्तर चुकीचे नाही. पण अपुरे आहे. पार्श्वभूमी किती धूसर होईल, हे लेन्सइतकेच अंतरावर अवलंबून असते आणि अंतरासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

धूसरपणा येतो कसा?

लेन्स एका वेळी एकाच अंतरावर नेमकी केंद्रित होते. त्या अंतराच्या पुढे किंवा मागे असलेला प्रकाशाचा बिंदू छायाचित्रात बिंदू न राहता चकती होतो. अशा असंख्य चकत्या एकमेकींत मिसळल्या, की पार्श्वभूमी धूसर दिसते. चकती जितकी मोठी, तितका धूसरपणा अधिक.

चकतीचा आकार मुख्यतः लेन्सच्या छिद्रावर, म्हणजेच अ‍ॅपर्चरवर ठरतो. लेन्सवर ‘एफ’ अक्षरापुढे लिहिलेला आकडा म्हणजे छिद्राचा व्यास नव्हे. फोकल लेंथला त्या आकड्याने भागले, की व्यास मिळतो. म्हणूनच आकडा लहान तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची नेहमीची लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ इतकीच उघडते. तिचे छिद्र जेमतेम १० मिमीचे होते. ५० मिमी एफ/१.८ या लेन्सचे छिद्र मात्र सुमारे २८ मिमीचे असते.

ध्यानात ठेवायला सोपा असा एक नियम येथे उपयोगी पडतो. समोरच्या व्यक्तीवर फोकस केला असता खूप दूरच्या दिव्याची जी चकती उमटते, ती त्या व्यक्तीच्या चेहऱ्याशी ताडून पाहिली, तर छिद्राच्या व्यासाएवढीच भरते. म्हणजे नेहमीच्या लेन्सने चेहऱ्याशेजारी शर्टाच्या बटणाएवढी चकती मिळते, तर ५० मिमी एफ/१.८ ने दहा रुपयांच्या नाण्याएवढी. मोबाइलमधील लेन्सची खरी फोकल लेंथ काही मिलिमीटरचीच असल्याने तिचे छिद्र फारच लहान पडते. त्यामुळे मोबाइलमधील ‘पोर्ट्रेट’ सुविधेत धूसरपणा मुख्यतः गणिताने रचलेला असतो आणि भुरभुरणारे केस, चष्म्याची काडी किंवा नथीचे मोती अशा जागी तो फसण्याची शक्यता असते.

भिंत आणि मैदान

पार्श्वभूमी जवळ असेल, तर हीच चकती आक्रसते. व्यक्तीपासून पार्श्वभूमीचे अंतर भागिले कॅमेऱ्यापासून पार्श्वभूमीचे अंतर, या प्रमाणात ती लहान होते. समजा, व्यक्ती कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर आहे आणि तिच्या मागे एका मीटरवर भिंत आहे. ५० मिमी एफ/१.८ ची २८ मिमीची चकती येथे एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ९ मिमी उरते. आता तीच व्यक्ती मोकळ्या मैदानात तितक्याच अंतरावर उभी केली आणि मागची झाडे २० मीटरवर असली, तर नेहमीच्या लेन्सचीही चकती सुमारे ९ मिमीच होते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. भिंतीला पाठ टेकवून उभ्या केलेल्या माणसासाठी नवी लेन्स घेतली, तरी हाती तेच लागते, जे जुनी लेन्स मैदानात फुकट देते. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजच्या गल्ल्यांत किंवा घरातल्या दिवाणखान्यात पार्श्वभूमी लांब नेता येत नाही. सागर विहारला खाडीकडे पाठ करून उभे राहिले, की ती आपोआप शेकडो मीटर मागे जाते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी माणसाला भिंतीपासून पुढे आणावे, आपण त्याच्या जवळ जावे आणि नेहमीची लेन्स ५५ मिमीवर ठेवून पाहावी. कॅमेऱ्यासोबत ५५-२५० मिमीची दुसरी लेन्स मिळाली असेल, तर तिला कपाटातून बाहेर काढावे. २५० मिमी एफ/५.६ वर तिचे छिद्र ४५ मिमीच्या आसपास जाते. व्यक्तीपासून दहा मीटर मागे सरकता आले, तर उघड्यावर ती ५० मिमी एफ/१.८ लाही मागे टाकते. फक्त तिला भरपूर उजेड लागतो; एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ सुमारे दहापट प्रकाश आत घेते. सायंकाळी आणि घरात हा फरक निर्णायक ठरतो.

३५, ५० की ८५?

इतके करूनही समाधान झाले नाही, तर एकाच फोकल लेंथची आणि एफ/१.८ च्या आसपासची लेन्स घेणे हा सर्वांत काटकसरीचा मार्ग होय. त्यातही ५० मिमीची लेन्स बहुतेक कंपन्यांकडे सर्वांत स्वस्त असते. कारण तिची रचना जुनी, साधी आणि मोठ्या संख्येने बनणारी आहे. त्याहून पुढे जाण्याचा मोबदला मात्र झपाट्याने घटतो. कॅननची मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची आरएफ ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स २०२० मध्ये अमेरिकेत सुमारे २०० डॉलरला आली; त्याच फोकल लेंथची एफ/१.२ लेन्स २०१८ मध्ये सुमारे २,३०० डॉलरला आली होती. किंमत अकरापट, चकती मात्र दीडपट.

लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स दृश्य बरेच जवळ आणते. उभ्या माणसाचे नखशिखांत छायाचित्र घ्यायचे, तर सुमारे चार मीटर मागे जावे लागते. दहा बाय बाराच्या खोलीत तेवढी जागा नसते. घरातले वाढदिवस, बाळाचे रांगणे आणि गणपतीची आरास हेच मुख्य विषय असतील, तर ३५ मिमी एफ/१.८ अधिक सोयीची. मात्र तिचे छिद्र १९ मिमीचेच असल्याने धूसरपणा कमी मिळतो. प्रामुख्याने बागेत आणि किनाऱ्यावर चेहरे टिपायचे असतील, तर ५० मिमी योग्य. ८५ मिमी एफ/१.८ चे छिद्र ४७ मिमीचे. परिणाम देखणा, पण किंमत चढी आणि घरात ती निरुपयोगी.

कॅमेऱ्याशी जुळते का?

स्वस्त लेन्स घेताना सर्वाधिक फसगत येथे होते. निकॉनची एएफ ५० मिमी एफ/१.८डी ही जुनी लेन्स स्वस्तात मिळते; परंतु तिच्यात फोकसची मोटर नाही. डी४०, डी६०, डी३००० ते डी३५०० आणि डी५००० ते डी५६०० या मालिकांतील कॅमेऱ्यांतही ती मोटर नाही. परिणामी, या कॅमेऱ्यांवर ती लेन्स हातानेच फोकस करावी लागते. त्यांच्यासाठी २००९ मध्ये आलेली एएफ-एस ३५ मिमी एफ/१.८जी किंवा २०११ ची एएफ-एस ५० मिमी एफ/१.८जी घ्यावी. कॅननच्या ईएफ लेन्स त्या कंपनीच्या डिजिटल एसएलआरवर थेट, तर आरएफ मिररलेस कॅमेऱ्यांवर अ‍ॅडॅप्टरच्या साह्याने चालतात. अ‍ॅडॅप्टरची किंमत हिशेबात धरायला विसरू नये.

धूसरपणाचा पोत

धूसरपणा किती, याइतकेच तो कसा, हेही महत्त्वाचे. त्याच्या पोतासाठी ‘बोके’ हा जपानी शब्द जगभर रूढ झाला. इंग्रजीत तो १९९७ मध्ये एका अमेरिकी छायाचित्रण मासिकातून पसरला. चकतीची कड तिच्या मध्यापेक्षा उजळ असेल, तर पाने आणि फांद्या दुहेरी, अस्वस्थ दिसतात. कड विरत गेली, तर पार्श्वभूमी शांत वाटते. छिद्र थोडे बंद केले, की पात्यांचा आकार चकतीवर उतरतो. कॅननच्या १९९० च्या ५० मिमी एफ/१.८ च्या दुसऱ्या आवृत्तीत पाचच पाती असल्याने दिव्यांचे पंचकोन होत; २०१५ च्या एसटीएम आवृत्तीत सात गोलाकार पाती आली आणि हा दोष बराच कमी झाला.

छिद्र पूर्ण उघडण्याचीही किंमत असते. लहान सेन्सरवर ५० मिमी एफ/१.८ ने दोन मीटरवरून घेतलेल्या छायाचित्रात सुमारे ११ सेंटिमीटर खोलीपर्यंतच सारे रेखीव राहते. एक मीटरवर ते जेमतेम तीन सेंटिमीटरवर येते. म्हणून फोकस जवळच्या डोळ्यावर धरावा आणि दोघे-तिघे असतील तर एफ/४ पर्यंत जावे.

जुनी लेन्स घेताना

मुंबईच्या फोर्टमधील बोरा बाजार परिसर कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी ओळखला जातो आणि नवी मुंबईहून हार्बर मार्गाने तेथे थेट जाता येते. वापरलेली लेन्स घ्यायची, तर स्वतःचा कॅमेरा सोबत न्यावा. खाडीकाठच्या दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. छिद्र पूर्ण उघडून एका बाजूने विजेरीचा झोत टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर किंमत कितीही कमी असो, ती लेन्स घेऊ नये. नवी लेन्सही पावसाळ्यात कातडी पिशवीत कोंडून न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी.

खरेदीपूर्वी एक सोपी चाचणी करून पाहावी. नेहमीची लेन्स आठवडाभर ३५ मिमीवर आणि पुढचा आठवडा ५० मिमीवर स्थिर ठेवून घरात आणि बाहेर छायाचित्रे घ्यावीत. ज्या आठवड्यात मागे सरकायला जागा पुरली आणि चेहरे मनासारखे आले, तीच फोकल लेंथ आपली. त्या दोन आठवड्यांत माणसाला भिंतीपासून पुढे आणण्याची सवय जडली, तर खरेदी काही महिने पुढे ढकलता येईल, अशीही शक्यता आहे.