बाळाची रोगप्रतिकारशक्ती आणि लसीकरण: प्रत्येक डोस का आवश्यक आहे?

“बाळ ठणठणीत आहे, मग पुन्हा सुई कशाला?” लसीकरण सत्रात अनेक पालक हा प्रश्न विचारतात. शरीर रोगजंतूंशी कसे लढते हे समजले की त्याचे उत्तर मिळते.

शरीराचे संरक्षण कसे होते?

त्वचा, नाकातील व घशातील चिकट द्रव आणि पोटातील आम्ल बहुतेक जंतूंना बाहेरच रोखतात. त्यातून आत शिरलेल्या जंतूंवर काही पांढऱ्या पेशी लगेच हल्ला करतात. ताप आणि सूज ही बहुतेक वेळा याच लढ्याची लक्षणे असतात.

त्यानंतर दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्या विशिष्ट जंतूला ओळखून प्रतिपिंडे तयार करतात. जंतू नवा असल्यास या कामाला एक ते दोन आठवडे लागू शकतात. लढा संपल्यावर काही पेशी त्या जंतूची ओळख जपून ठेवतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात.

लस काय करते?

घटसर्प किंवा डांग्या खोकल्यासारख्या आजारात लहान बाळाला एक-दोन आठवड्यांची सवड मिळेलच असे नाही. लसीमध्ये जंतूचा निष्प्रभ किंवा दुर्बल केलेला अंश असतो. त्यामुळे आजार न होता स्मृतिपेशी तयार होतात.

एकच डोस पुरेसा का नाही?

पेंटाव्हॅलंट लसीच्या पहिल्या डोसने शरीराला जंतूची ओळख होते. पुढील डोसने संरक्षण पक्के होते. ही लस ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. पहिल्या डोसनंतर थांबल्यास बाळ अर्धवट सुरक्षित राहते.

गोवर-रुबेला लसीचे कारण थोडे वेगळे आहे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाच्या शरीरात काही महिने टिकतात आणि लसीचा परिणाम कमी करू शकतात. म्हणून पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत देतात. पहिल्या डोसचा परिणाम न झालेल्या मुलांना १६ ते २४ महिन्यांतील दुसऱ्या डोसमुळे संरक्षण मिळते. गोवरामुळे इतर आजारांविरुद्धच्या स्मृतिपेशीही नष्ट होतात, त्यामुळे हा आजार किरकोळ समजू नये.

योजनेची माहिती

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. सुटलेली बालके व गरोदर माता यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी डिसेंबर २०१४ पासून मिशन इंद्रधनुष राबवले जाते. लसीकरणामुळेच भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त प्रमाणित झाला. कार्यक्रमातील लसी शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात.

डोस चुकल्यास काय करावे?

• सर्व डोस पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागत नाहीत. राहिलेले डोस पूर्ण करता येतात. मात्र बीसीजी, रोटाव्हायरस अशा काही लसींना वयोमर्यादा असल्याने उशीर करू नये.
• ऊसतोड, वीटभट्टी किंवा बांधकामाच्या कामासाठी स्थलांतर करताना माता व बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावे. दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यातही पुढील डोस मिळतो.
• कार्ड हरवले तरी लसीकरण थांबवू नये. आशा सेविका किंवा एएनएम यांना भेटावे.

लस दिल्यानंतर बाळाला अर्धा तास केंद्रातच थांबवावे. सौम्य ताप किंवा सुईच्या जागी सूज येऊ शकते. ताप जास्त असल्यास, झटके आल्यास किंवा श्वास घेण्यास त्रास झाल्यास बाळाला त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.