पारडे कुठे झुकले : दास्ताने खटल्याचे कागद

लग्न पुण्यात 1956च्या मे महिन्यात लागले. 1962 साली पतीने पुण्याच्याच न्यायालयात अर्ज केला: फसवणूक झाली म्हणून लग्न रद्द करा, ते नसेल तर पत्नीला वेड आहे म्हणून घटस्फोट द्या, तेही नसेल तर क्रूरतेवरून निदान न्यायिक विभक्तता तरी द्या. पहिल्या न्यायालयाने फक्त शेवटची मागणी मान्य केली. जिल्हा न्यायालयाने तीही काढून घेतली आणि उच्च न्यायालयाने दुसरे अपील फेटाळले. सर्वोच्च न्यायालयाने ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’चा निकाल 19 मार्च 1975 रोजी दिला. या खटल्याचा माग आज लागतो तो मुख्यतः या निकालपत्रातून.

उच्च न्यायालयाची चूक त्यात नेमकी पकडली आहे. क्रूरता वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावी, अशी त्याची अपेक्षा होती. ही तर फौजदारी खटल्याची कसोटी. 1872च्या पुरावा कायद्याचे कलम 3 एवढेच सांगत होते की, एखादी गोष्ट इतकी संभवनीय असावी की शहाणा माणूस ती खरी धरून चालेल. निकाल लिहिणारे न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी. त्यांनी दोन पायऱ्या सांगितल्या: आधी शक्यता ठरवायच्या, मग त्या तोलायच्या. अशक्य ते पहिल्या पायरीवर गळते, असंभाव्य ते दुसऱ्या.

या तोलण्यात आकडा एकही नाही, आणि ते बरेच झाले. 1968मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कॉलिन्स खटला आला होता. पिवळी मोटार 10 पैकी 1, मिशीवाला पुरुष 4 पैकी 1, दाढीवाला कृष्णवर्णीय 10 पैकी 1, असे गुन्हेगारांच्या वर्णनाचे सहा अंदाज गुणून, ते वर्णन योगायोगाने जुळण्याची शक्यता म्हणून सरकारी वकिलाने 1 कोटी 20 लाखांत 1 हा आकडा ज्यूरीपुढे ठेवला होता. आकड्यांना आधार नव्हता. शिवाय दाढी आणि मिशी बहुधा एकाच चेहऱ्यावर असतात, त्यांना परस्पर स्वतंत्र धरून गुणायचे कसे? शिक्षा रद्द झाली.

चंद्रचूडांसमोर होती पत्रे. फेरविचारासाठी प्रकरण खाली पाठवले असते तर आणखी वर्षे गेली असती, म्हणून न्यायालयाने पुरावा स्वतःच तपासला. पत्नीच्या पत्रांतल्या कबुल्यांनी पारडे झुकले आणि क्रूरता सिद्ध ठरली.

तरीही पती हरला. पत्नीने क्षमेचा मुद्दा मांडलाच नव्हता. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23मुळे न्यायालयाला तो पाहावा लागला. त्या वागण्यानंतरही दोघे पती-पत्नी म्हणून एकत्र राहिले होते, ऑगस्ट 1961मध्ये त्यांना तिसरे अपत्य झाले होते. क्रूरता माफ झाली असे ठरवून अपील फेटाळण्यात आले. माझ्या मते निकालाचा खरा कणा हाच: संभाव्यतेची कसोटी पतीच्या बाजूने लागली, पण जन्मतारखेपुढे तिचा उपयोग झाला नाही.

1 जुलै 2024पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. ‘सिद्ध’ची व्याख्या त्यात जवळपास जशीच्या तशी आली. मुळशी तालुक्यातल्या चांदे गावच्या शेताच्या बांधाचा दिवाणी दावाही आज याच पारड्यात तोलला जातो.